आमच्या घरची मोजणी

मध्यम! ऐकलंत ना? मध्यम म्हणे! रेडिओवरच्या बाई इतक्या शांतपणे सांगत होत्या, जणू उद्या ऊन पडणार की नाही ते सांगतायत… "आज सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी मध्यम स्वरूपाचा भूकंप झाला, केंद्र उथळ होतं, नागरिकांनी घाबरून जाऊ नये." नागरिकांनी घाबरायचं नाही, मग घाबरायचं कुणी, मांजरांनी? आणि मध्यम म्हणजे काय हो? सदऱ्याचं माप आहे का ते, लहान, मध्यम, मोठा… मोठा संपलाय, मध्यम घालून बघा, धुतल्यावर सैल होईल! तुम्हाला सांगते, माझं नि या शब्दाचं आधीपासूनच वाकडं आहे. लग्नासाठी माझी माहिती लिहून दिली होती ना, त्यात हेच होतं. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्ण मध्यम. आणि त्याखाली, स्वभाव: शांत. वडिलांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

तर मी शांत. विचारा कुणालाही. म्हणजे आत्ता नाही, आत्ता माझं तोंड बंदच होत नाही, त्या सकाळपासून हे असंच चाललंय, तुम्ही समोर बसलात ही तुमची चूक… पण एरवी मी बोलत नाही. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि पेशी मोजायच्या. पेशींशी काही बोलावं लागत नाही. शंभर मोजायच्या, एखादी सुटल्यासारखी वाटली की पुन्हा पहिल्यापासून. लॅबमधले डॉक्टर म्हणतात, "या मुलीच्या नजरेतून एकही सुटत नाही." हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

आता, आमच्या वस्तीखालून जमिनीतली ती मोठी भेग जाते हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. नकाशात आहे ती, लाल रेघ. फक्त ती नेमकी कुणाच्या घराखालून जाते ते विचारू नका. माझं माहेर दोन गल्ल्या पलीकडे. माझे वडील लहानपणापासून सांगायचे, "भेग ना? ती तिकडे, पलीकडच्या गल्लीतून जाते." त्याच गल्लीत मला दिली! आणि सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "इथून नाही गं, ती तुमच्याकडून जाते." तुमच्याकडून! जणू मी येताना रुखवतात मांडून आणली होती.

पण सासऱ्यांचं तसं नव्हतं. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. ते म्हणायचे, "भेग कुठूनही जाऊ दे, घर माझ्या हातचं आहे." बैठकीच्या खोलीत छताच्या हुकाला त्यांनी आपला ओळंबा टांगून ठेवला होता. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं. रस्त्यावरून ट्रक गेला की खिडक्या वाजतात, तेव्हा सगळे ओळंब्याकडे बघणार. हलला नाही तर ट्रक. हलला तर भूकंप. माणूस खोटं बोलेल, ओळंबा नाही, हे रोज सकाळी चहाबरोबर.

आणि स्वयंपाकघराच्या दाराला ती यादी. जाड पुठ्ठ्यावर, गवंड्याच्या पेन्सिलीने, वर प्लास्टिक चिकटवलेलं. पाठ आहे मला. एक: स्वतः. शिट्टी, मोजणी, शेवटी बाहेर. दोन: सौ. कागदपत्रांची पिशवी. तीन: चिरंजीव. गॅस, मेन स्विच. खाली लाल शाईत: कोणीही अनवाणी पळू नये, काचा असतात.

महिन्याच्या पहिल्या रविवारी कवायत. वीस वर्षं एकही चुकलेली नाही. शिट्टी वाजली की सासूबाई हातातलं टाकून पिशवी उचलणार, नवरा गॅस बंद करणार, मग मेन स्विच, आणि सगळे अंगणात. सासरे सगळ्यांत शेवटी, कारण मोजणारा शेवटी. मग छाती पुढे काढून स्वतःच, "एक!" सासूबाई, "दोन." नवरा, "तीन!" आणि सासरे, "तीन. सगळे." झालं! संपली कवायत!

मी तिथेच उभी होते हो. पहिल्या कवायतीला. हातात ओलं फडकं. तीन सगळे म्हटल्यावर मी मागे वळून बघितलं, म्हटलं हे नक्की कोणतं घर… आता सांगा, नवी सून काय म्हणणार? "अहो बाबा, मलाही धरा"? नंतर नवऱ्याला म्हटलं, तर तो हसला. "अगं, बाबांच्या डोक्यात ते आकडे पक्के बसलेत. पुढच्या वेळी सांगू." पुढच्या वेळी! नवरा चष्म्याच्या दुकानात आहे माझा. लोकांचे डोळे तपासतो. खालची ओळ दिसते का, आता दिसते का, आता… तर अशा चार कवायती झाल्या. चार महिने. चारही वेळा तीन, सगळे. आणि मी, जिच्या नजरेतून एक पेशी सुटत नाही, मी स्वतः सुटत होते आणि गप्प होते. स्वभाव: शांत. दोनदा अधोरेखित.

तो रविवार. नाही, कवायतीचा नव्हे, तिसरा. मी न्हाणीघरात केस धुवायला गेले होते. गाऊन अंगावर होता, तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या बाजूने झाली. चपला बाहेर काढलेल्या. केशरी चपला, वर सोनेरी फूल, माझ्या मैत्रिणीने दिलेल्या, आणि सासूबाईंना त्या डोळ्यासमोर नकोत. "घरात घालायच्या की नाटकात?" असं रोज एकदा तरी.

डोक्याला शाम्पू लावला आणि आवाज आला. हलणं नंतर, आधी आवाज. ट्रक नाही, ट्रक येतो आणि जातो. हा खालून आला, पायाच्या तळव्यातून, जणू कुणी जमिनीखालून जड कपाट ओढत नेतंय… आणि मग दणका! वरून नव्हे हो, खालून! उथळ म्हणजे काय ते मला तिथे कळलं. आमचे शेजारचे शिंपीकाका नंतर म्हणाले, "उथळ होता ना, मग बरंय, खोल असता तर?" अहो काका, उथळ म्हणजे अगदी पायाखाली! खोल असता तर निदान वर येईपर्यंत दमला असता!

अकरा सेकंद. नंतर छापून आलं. आरसा पडला, बादली चालत माझ्याकडे आली, खरंच चालत आली, आणि दाराकडून असा कर्रर्र आवाज झाला की तो मी अजून ऐकते. थांबलं तेव्हा मी कडी काढली आणि दार ढकललं. हलेना. चौकट दबली होती. खांदा लावला, लाथ मारली… छे.

आणि बाहेर शिट्टी. न्हाणीघराला वर एक झरोका आहे, हाताएवढा, त्यातून अंगणातलं सगळं ऐकू येतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं. पिशवी आली, गॅस बंद, मेन स्विच बंद, म्हणजे मी अंधारात. आणि मग सासरे, "एक!"

सासूबाई, "दोन."

आणि माझा नवरा, तुम्हाला सांगते, इतक्या खणखणीत आवाजात, लग्नाला होकार देतानाही तो एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता, "तीन!"

"तीन. सगळे."

आता ओरडायला हवं ना? ओरडले की मी! पण काय ओरडू? नवऱ्याला नावाने हाक मारायची घरात पद्धत नाही, म्हणून ओरडले, "अहो!" पुन्हा, "अहो! अहोऽऽ!" गल्लीत त्या वेळी पन्नास बायका अहो म्हणून ओरडत होत्या, प्रत्येकीचा अहो वेगळा! बरं, आई म्हणावं तर अख्खी गल्ली "आई गं" करतेय, कुत्रीसुद्धा. घसा मुळात न वापरलेला, तो कुठून फुटणार? आणि बाहेर शिंपीकाका काय म्हणतायत? "वा, याला म्हणतात शिस्त! आमच्याकडे अजून धाकट्याची पॅण्ट सापडली नाही, आणि तुम्ही मोजूनसुद्धा झालात!" आणि सासरे, थोडे हसून, "घराला चरा नाही बघा. तीन. सगळे."

चार मिनिटं. नंतर आम्ही हिशेब लावला. चार मिनिटं मी डोळ्यांत शाम्पू घेऊन अंधारात उभी होते आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? भिंत नाही, छत नाही. मी विचार करत होते, आता सापडल्यावर यांना किती ओशाळं वाटेल! कसं सांगायचं, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही… बघा! मरायला टेकलेली सून, आणि काळजी कसली, तर सासरच्यांच्या तोंडाची!

मग सासूबाईंचा आवाज. बारीक. "ह्या कुणाच्या?"

"काय कुणाच्या?"

"पायातल्या…"

अनवाणी पळू नये ना! लाल शाईत! त्या स्वयंपाकघरातून निघाल्या, खाली काचा, न्हाणीघरासमोर जे दिसलं त्यात पाय घातले आणि पळाल्या. आणि आता अंगणात उभ्या राहून बघतायत, तर पायात केशरी चपला, वर सोनेरी फूल.

"अगं बाई… अहो, ती आत आहे! पोरगी आत आहे!"

पोरगी. त्याआधी मी सूनबाई तरी होते नाहीतर "तिला सांग" तरी. पोरगी पहिल्यांदाच. आणि बघा, बाईने अहो म्हटलं आणि तिचा अहो लगेच धावला!

"पहार आण," सासरे ओरडले. नवऱ्याने पहार आणून दिली, तो आत येऊ लागला तर त्यालाच बाहेर ढकललं. "आईला धर. ती आत शिरेल. आत एकच जण, मी." मग दारावर हात आपटल्याचा आवाज.

"सूनबाई, आवाज दे."

"आहे."

"मोठ्याने दे!"

"आहे, बाबा!"

"मग इतका वेळ ओरडली का नाहीस?"

"ओरडत होते."

"काय म्हणून?"

"अहो म्हणून."

बाहेर पहार जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग, "अगं, अहो म्हटल्यावर कोण येणार?" आणि पहारीचा पहिला घाव. "बादली आहे का आत? डोक्यावर घाल."

"पाणी आहे त्यात."

"मग ओत की! मी येऊन ओतू का?"

ओतली. डोक्यावर घातली. निळी प्लास्टिकची बादली, कडी हनुवटीखाली, आत माझाच श्वास मला मोठ्याने ऐकू येतोय… आणि बाहेर सासरे दार फोडतायत आणि बोलतायत. चार महिन्यांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

"खालची फळी काढतो. वर हात लावला तर चौकट बसेल. मागे सर."

"सरले."

"मी तीन मोजले."

"हो. ऐकलं."

"मागच्या महिन्यातही तीन मोजले."

"हो बाबा."

"त्याच्या मागच्याही." घाव. "तू तिथेच उभी असायचीस. फडकं घेऊन." घाव. "बोलली का नाहीस गं?"

काय सांगू? तुम्ही सांगा, काय सांगायचं? मग फळी निघाली, उजेड आला आणि त्यांचा हात आत आला, चुन्याने चिरा पडलेला, जाड. "चल. सरपटत ये. बादली काढू नकोस."

मी निघाले. मला फक्त जमीन दिसत होती, काचा, सांडलेलं दूध, माझे अनवाणी पाय… "काचा आहेत, पाय उचलून टाक." त्यांचा हात पाठीवर. बैठकीतून जाताना म्हणाले, "ओळंबा अजून थांबला नाही." मग उंबरा. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आधी." कधी नव्हे ती बोलले! तर म्हणाले, "मोजणारा शेवटी." आणि पुन्हा तो आवाज, खालून… आणि पाठीवरच्या हाताने असं ढकललं मला की मी अंगणात तोंडावर पडले आणि बादली गडगडत शिंपीकाकांच्या पायाशी गेली.

मग मी मागे बघितलं.

घर उभं होतं हो. घराला खरंच काही झालं नाही. तपासायला आलेले इंजिनिअर सगळीकडे ठोकून बघत म्हणाले, "उत्तम काम, कुणी बांधलंय?" एक चरा नाही. पडला फक्त दारावरचा छज्जा. तो मूळ घराचा नव्हता. आमच्या लग्नाच्या महिनाभर आधी सासऱ्यांनी घाईघाईने बांधला होता, सून घरात येतानाचा फोटो चांगला यावा म्हणून. फोटो चांगला आलाय. छज्जाही पूर्ण आलाय त्यात.

दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले माहितीये? "इजा मध्यम स्वरूपाची आहे, घाबरू नका." मध्यम! मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. एवढ्या मोठ्या शब्दकोशात यांना दुसरा शब्द सापडत नाही? तिथेच बाकावर कुणाचा तरी रेडिओ लागला होता आणि त्या बाई सांगत होत्या, मध्यम, उथळ, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. सासूबाई पिशवी छातीशी धरून बसलेल्या, पायात माझ्याच चपला, आणि नवरा भिंतीकडे तोंड करून उभा. "मी तीन म्हटलं," एवढंच म्हणायचा. दर थोड्या वेळाने. "मी तीन म्हटलं." मी काय म्हणणार, नाही म्हटलंस? झरोक्यातून स्वच्छ ऐकलंय मी.

दुसऱ्या दिवशी सासरे शुद्धीवर आले आणि पहिला प्रश्न, "यादी कुठेय?" सासूबाईंच्या पिशवीत होती की! घराच्या कागदांबरोबर यादीची नक्कल, नियमाप्रमाणे. त्यांनी मला जवळ बोलावलं. "लिही. चार: सूनबाई. मोजणी."

मी म्हटलं, "मोजणी तुमच्याकडे आहे."

"मला येत नाही मोजायला. तुला येतं. शिट्टीही तूच घे." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "आणि ते खोड. मोजणारा शेवटी. मोजणारा पहिल्यांदा बाहेर, लिही. बाहेर असला तरच मोजेल ना, गाढव."

गाढव कुणाला म्हणाले ते विचारलं नाही. मी खोडलं, लिहिलं, वाचून दाखवलं. "ऐकू येईल असं वाच," म्हणाले. वाचलं. पलीकडच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू गेलं, तो म्हणाला, "चार, सूनबाई, मोजणी. बरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्या मध्यम इजेने.

संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं, मध्यम भूकंप, जीवितहानी एक. एक. त्यांचा आकडाच होता तो… रेडिओवाल्यांना काय माहीत म्हणा.

आता आम्ही शाळेच्या मैदानात तंबूत आहोत. घर उत्तम आहे, चरा नाही, पण सासूबाई त्या दारातून जायला तयार नाहीत आणि दुसरं दार त्या घराला नाही. ओळंबा नवऱ्याने काढून आणलाय, तंबूच्या खांबाला टांगलाय. तंबूत ओळंबा! वाऱ्यानेही हलतो, कुणी शिंकलं तरी हलतो, पण काढायचा कुणी? शिट्टी माझ्या गळ्यात. चपला अजून सासूबाईंकडेच. मागितल्या नाहीत मी. त्याही देत नाहीत. परवा उसवल्या म्हणून स्वतःच सुईदोरा घेऊन पट्टा शिवत बसल्या होत्या. फूल आधी शिवलं.

आणि काल दुपारी पुन्हा आला. लहानसा. यावेळी रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, "सौम्य." चला, मध्यमवरून सुटलो! ओळंबा असा गरगरला आणि सगळं मैदान तंबूंमधून बाहेर. मी सर्वांत आधी, नियमाप्रमाणे. शिट्टी फुंकली. मग सासूबाई पिशवी घेऊन, मग नवरा. गॅस नाही, मेन स्विच नाही, हात मोकळे, म्हणून त्याने येऊन माझं मनगट धरलं. आणि दोघं माझ्याकडे बघत उभे राहिले.

मोजायला हवं ना. माझ्याकडे आहे मोजणी. पण सुरुवात कुठून करायची हे कुणी लिहून ठेवलेलं नाही! आम्ही माणसं तीन. पण सासूबाई दोन, नवरा तीन आणि मी चार, यादीत तसं आहे आणि खोडायला सांगणारा माणूस… शेवटी मी पोटातून आवाज काढला, कधी काढला नव्हता एवढा, अख्खं मैदान वळून बघायला लागलं. म्हटलं, "एक!"

आणि थांबले. लॅबची सवय. एखादी सुटल्यासारखी वाटली की थांबायचं.

शिंपीकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

मग सासूबाई, "दोन."

नवरा, हळू, मनगट न सोडता, "तीन."

मी म्हटलं, "चार."

शिंपीकाका म्हणाले, "भरले का गं सगळे?"

काय सांगणार? चौघं होतो तेव्हा तीन भरायचे. आता तिघं आहोत तर चार भरतात. आमच्या घरची मोजणी काही जमत नाही, दुसरं काय.

म्हटलं, "हो काका. चार. सगळे."